थँक्सगिव्हिंग मोठ्या गोतावळ्यातच व्हावं

नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा सरला की अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर एक ठरावीक सल्ला सुरू होतो: थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या कृतज्ञतेच्या सणाच्या, जेवणाला नातेवाइकांना तोंड कसं द्यावं. राजकारणाचा विषय काढू नका. काकांनी काढलाच, तर पाणी आणायच्या निमित्ताने उठा. अगदीच असह्य होत असेल तर यंदा जाऊच नका, मित्रमंडळींबरोबर जेवा, आपली माणसं आपण निवडा. सल्ला देणारे मानसोपचारतज्ज्ञ असतात, शिष्टाचाराचे जाणकार असतात, कधी नुसतेच स्तंभलेखक. सगळ्यांचं गृहीतक एकच: घरात जितकी जास्त माणसं, तितका जास्त मनस्ताप.

माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. माणसं कमी उरली की हे जेवण अवघड होतं. तीस-पस्तीस जणांचा गोतावळा जमला, तर त्याच काकांबरोबर, त्याच राजकारणासकट, दिवस बऱ्यापैकी सुखात जातो.

कुटुंबं राजकारणाने फुटली, याचा पुरावा म्हणून एक अभ्यास नेहमी पुढे केला जातो. २०१६ची अध्यक्षीय निवडणूक ८ नोव्हेंबरला झाली आणि थँक्सगिव्हिंग २४ला आलं. जखमा ताज्या होत्या. मोबाइल फोन कुठे होते याच्या माहितीवरून दोन संशोधकांनी हिशेब मांडला आणि तो २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. विरुद्ध पक्षांना मत देणाऱ्या वस्त्यांतली माणसं जिथे एकत्र जेवली, तिथलं जेवण एकाच पक्षाच्या वस्तीतल्यांपेक्षा ३० ते ५० मिनिटं लवकर आटोपलं. बातम्यांचे मथळे अर्थातच शोकाकुल होते. मला मात्र त्या आकड्यात दुसरंच दिसतं. देशात इतकी कडवट निवडणूक झाल्यावर पंधरा दिवसांत ही माणसं गाडी काढून गेली, एका टेबलावर बसली, तासन्‌तास जेवली आणि पाऊण तास लवकर निघाली. एवढंच? आमच्याकडे जमिनीच्या बांधावरून बोलणं तुटलेली भावंडं लग्नात समोरासमोर आली की पाऊण मिनिटही एका मांडवात थांबत नाहीत.

मोठ्या जमावाचं गणित कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. ओहायो किंवा पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या जुन्या घराची कल्पना करा. जेवणाच्या टेबलाला मधल्या फळ्या घालून ते लांबवलेलं असतं, त्याला घडीची टेबलं जोडलेली असतात, आणि मुलांसाठी कोपऱ्यात वेगळं बुटकं टेबल असतं. त्या मुलांच्या टेबलावरून मोठ्यांच्या टेबलावर बढती कधी मिळते, यावरून प्रत्येक घरात एक तरी रुसवा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो. दिवाणखान्यात टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल लागलेलं. डेट्रॉइट लायन्सचा संघ १९३४ पासून या दिवशी खेळतो आहे आणि त्याच्या पराभवावर हळहळणं हा कित्येक घरांतला कुळाचार आहे. स्वयंपाकघरात एक गट, गॅरेजमध्ये बिअर घेऊन उभा असलेला दुसरा, मागच्या अंगणात टर्की, म्हणजे या सणाचा तो भलामोठा पक्षी, तळायला तेलाचं पिंप मांडून बसलेला तिसरा. माणूस दिवसभरात चार-पाच ठिकाणी फिरतो. एका ठिकाणी चकमक उडायची चिन्हं दिसली की दुसरीकडे जायला जागा असते, आणि जाण्याला कोणी पळून जाणं म्हणत नाही.

सहा जणांच्या टेबलावर ही सोय नसते. तिथे प्रत्येक वाक्य प्रत्येकाला ऐकू जातं आणि प्रत्येक गप्प बसणं नजरेत भरतं. काकांनी स्थलांतरितांबद्दल काही म्हटलं की पाच जणांना त्यावर काहीतरी करावंच लागतं. पस्तीस जणांत तेच वाक्य तिघांच्या कानावर पडतं. त्यातला एक पेंगत असतो, एकाचं लक्ष स्कोअरकडे असतं, आणि तिसरी काकांची सख्खी धाकटी बहीण असते, जी ‘पुरे’ एवढं एकच म्हणते आणि काका गप्प होतात. त्यांना गप्प करायचा अधिकार पुतण्याला नसतो, बहिणीला असतो. ती बहीण बोलावलेल्यांत असणं, म्हणजेच कुटुंब मोठं असणं.

शिवाय मोठ्या कुटुंबात दोनच बाजू नसतात. नर्स असलेली आत्या, ट्रक चालवणारा चुलतभाऊ, युनियनमध्ये आयुष्य काढलेले आजोबा, नुकताच सैन्यातून परतलेला पुतण्या, बंदुका बाळगणारा पण मांस न खाणारा जावई. यांची मतं पक्षांच्या खणांत नीट बसत नाहीत. अमेरिकन माणूस आता बहुधा आपल्यासारखीच कमाई आणि आपल्यासारखंच शिक्षण असलेल्यांच्या वस्तीत राहतो, त्यांच्याच मुलांबरोबर आपली मुलं वाढवतो, तशाच लोकांबरोबर कामाला जातो. आपण न निवडलेल्या माणसांशेजारी दोन-तीन तास बसायचा प्रसंग त्याच्या वर्षात किती वेळा येतो? कोर्टात ज्यूरी म्हणून बसायचं बोलावणं आलं तर, नाहीतर थँक्सगिव्हिंगला.

नातेवाईक दुरावलेत म्हणून हा सण मोडकळीला आला, असं म्हणणाऱ्यांनी त्याचा जन्म पाहावा. तो दुरावलेल्यांसाठीच निघाला. एकोणिसाव्या शतकात न्यू इंग्लंडमधली तरुण मुलं-मुली शेतं सोडून कापडगिरण्यांच्या गावांत आणि पश्चिमेकडे निघाली होती. कापणीनंतर एक दिवस सगळ्यांनी बापाच्या घरी यावं, ही तिकडची रीत होती. ती साऱ्या देशाची व्हावी म्हणून सारा जोसेफा हेल ही न्यू हॅम्पशरची बाई हात धुऊन मागे लागली. पाच मुलं पदरात असताना विधवा झालेली, पुढे चाळीस वर्षं एका गाजलेल्या महिला-मासिकाची संपादक. तिने वर्षानुवर्षं अग्रलेख लिहिले, गव्हर्नरांना आणि एकामागून एक राष्ट्राध्यक्षांना पत्रं धाडली. सप्टेंबर १८६३ मध्ये तिने लिंकनला लिहिलं आणि ३ ऑक्टोबरला देशभर थँक्सगिव्हिंग पाळण्याची घोषणा निघाली. उत्तर-दक्षिण यादवी युद्धात गेटिसबर्गच्या लढाईत हजारो माणसं पडून तेव्हा तीनच महिने झाले होते. त्या घोषणेत विधवांचा, अनाथांचा आणि शोकात असलेल्यांचा उल्लेख आहे. देश उभा चिरला गेला असताना एकत्र जेवायला बसा म्हणणारा हा सण आहे. एखाद्या निवडणुकीमुळे तो जमणार नाही, हे कारण मला पटत नाही.

लिंकनच्या त्या घोषणेत प्लिमथच्या यात्रेकरूंचं, म्हणजे मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर वसलेल्या इंग्रज पिल्ग्रिम्सचं, नावही नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण शाळेत शिकवली जाणारी १६२१ची गोष्ट या सणाला नंतर घट्ट चिकटली. त्या वर्षी कापणीनंतर तीन दिवस जेवणं झाली, तिथल्या मूळ निवासी वाम्पानोआग जमातीचा पुढारी मॅसासॉइट आपले नव्वद पुरुष घेऊन आला आणि त्यांनी पाच हरणं आणली, असं एका वसाहतवाल्याच्या पत्रात आहे. १८४१ मध्ये ते पत्र पुन्हा छापताना संपादकाने तळटीपेत त्याला ‘पहिलं थँक्सगिव्हिंग’ म्हटलं आणि ते नाव रुजलं. पुढची हकिगत शाळेतल्या नाटुकल्यात नसते: त्याच मॅसासॉइटचा मुलगा मेटाकॉम १६७६ मध्ये इंग्रजांशी झालेल्या युद्धात मारला गेला आणि त्याचं शिर प्लिमथमध्ये वर्षानुवर्षं खांबावर लटकत होतं. १९७० मध्ये वामसुटा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग कार्यकर्त्याला मॅसॅच्युसेट्समध्ये एका समारंभात भाषणाला बोलावलं, मजकूर वाचून तो बदलायला सांगितलं, आणि त्याने नकार दिला. तेव्हापासून थँक्सगिव्हिंगच्या दिवशी प्लिमथच्या कोल्स हिलवर मूळ निवासी शोकदिन पाळतात. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण त्यावर उत्तर म्हणून घरचं जेवण सोडायची गरज मला दिसत नाही. गोष्ट सोडावी. कागदी पिसं लावून मुलांना नाचवणं बंद करावं आणि मोठ्या टेबलावर कोणीतरी मेटाकॉमचं नाव घ्यावं. पस्तीस जणांत एखादा इतिहासाचा शिक्षक असतोच.

आता आपल्या लोकांकडे वळतो. न्यू जर्सीतल्या एडिसनपासून कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपर्यंत मराठी घरांत या चार दिवसांच्या सुट्टीला जमतात ते मित्र. सख्खे नातेवाईक पुण्याला-नाशिकला, म्हणून इथली चार कुटुंबं मिळून एक घर करतात. पावभाजी असते, बिर्याणी असते, मुलांच्या हट्टापायी दुकानातून आणलेली भाजलेली टर्की असते, रात्री पत्ते आणि गाणी. परक्या देशात या माणसांनी एकमेकांची बाळंतपणं आणि आजारपणं काढलेली असतात. त्यांना कमी लेखायची माझी छाती नाही. पण एक गोष्ट बोलायला हवी. त्या खोलीतले सगळे जण साधारण एकाच वयाचे, एकाच प्रकारच्या नोकरीतले, एकाच रांगेत ग्रीन कार्डची वाट पाहिलेले असतात. मुंबईच्या किंवा साताऱ्याच्या घरी दिवाळीला जसा एखादा कर्जबाजारी मामा, एखादी न शिकलेली पण साऱ्या घराला धाकात ठेवणारी काकू, एखादा कधीच काही न केलेला चुलतभाऊ असतो, तसं इथे कोणी नसतं. मुलं असा समज करून घेतात की मराठी माणूस म्हणजे संगणकातला माणूस.

दुसरी पिढी लग्नाची झाली तशी परिस्थिती बदलते आहे, आणि मला त्यात आनंद आहे. आता कित्येक मराठी आईबापांना नोव्हेंबरमध्ये अमेरिकन व्याह्यांचं आमंत्रण येतं. ते जायला बिचकतात. शाकाहारी असतील तर जास्तच, आणि ती भीती काही प्रमाणात रास्त आहे. स्टफिंग, म्हणजे पावाच्या तुकड्यांचं सारण, टर्कीच्या पोटात शिजलेलं असू शकतं, ग्रेव्ही टर्कीच्याच रसाची असते, दक्षिणेकडे फरसबीत डुकराचं मांस घालायची पद्धत आहे, आणि रताळ्यावरच्या मार्शमेलोत जिलेटिन असतं. उरतं काय, तर कुस्करलेले बटाटे, क्रॅनबेरीची चटणी, पाव आणि ‘पंपकिन पाय’ हा भोपळ्याचा गोड पदार्थ. ते पोटभर होतं. न झालं तर विहीणबाईंना आधी फोन करून सांगावं आणि आपला एक पदार्थ भरपूर करून न्यावा. भोपळ्याचे घारगे न्या, त्या टेबलावर भोपळा कोणाला परका नाही. पण जा. जेवणाआधी एकेकाने आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगायची पाळी येईल, तेव्हा आपल्याकडच्या पुरुषांची फार तारांबळ उडते. बायकोसमोर, मुलांसमोर, परक्यांच्या देखत असलं काही आपण कधी बोललेलोच नसतो. बोलावं. कोणी हसत नाही.

मोठ्या गोतावळ्याची बाजू घेताना एका प्रश्नाला बगल देता येत नाही: रांधतं कोण? गोठलेली वीस पौंडांची टर्की फ्रिजमध्ये सुटी व्हायला चार-पाच दिवस लागतात, भाजायला चार तासांच्या वर. घरात ओव्हन बहुधा एक. बाकी सगळे पदार्थ त्या एका ओव्हनसाठी भांडत असतात. फरसबीचं कॅसरोल, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेली फरसबी, कॅम्पबेल सूप कंपनीच्या डोरकस रायली यांनी १९५५ मध्ये तयार केलं, ते घरोघर रुजलं याचं कारण चव नव्हे. घरात असलेल्या हवाबंद डब्यांतल्या जिनसांतून ते आदल्या दिवशी करून ठेवता येतं. टर्की विकणारी बटरबॉल कंपनी १९८१ पासून या दिवसांत टर्कीसाठी मदतीचा फोन चालवते. एका पक्ष्यासाठी देशभर आणीबाणीची फोनलाइन लागते, यावरून स्वयंपाकघरातला ताण ओळखावा. नॉर्मन रॉकवेलचं १९४३ मधलं ते प्रसिद्ध चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं: पांढऱ्या केसांची आजी भलीमोठी टर्की टेबलावर ठेवते आहे, मागे सुटातले आजोबा, भोवती हसरे चेहरे. आजी पहाटे किती वाजता उठली असेल, हे त्या चित्राला विचारायचं नसतं. १६२१ मध्येही पहिला हिवाळा काढून वाचलेल्या प्रौढ विवाहित स्त्रिया चारच होत्या, आणि जेवायला पाहुणे धरून दीडशेच्या आसपास तोंडं. आजही कित्येक घरांत बाप विजेच्या सुरीने टर्की कापतो आणि टाळ्या घेतो. भांडी आत्या, मावशी आणि सुना घासतात.

यावर छोटं कुटुंब हे उत्तर नाही. छोट्या कुटुंबात एकच बाई सगळं करते आणि एकटीच दमते. गोतावळा मोठा असला की काम वाटता येतं, फक्त वाटायची शिस्त हवी. यजमानाने टर्की आणि ग्रेव्ही करावी, बाकी सगळं पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचा. कोण काय आणणार याची यादी महिनाभर आधी ग्रुपवर टाकावी आणि त्यात पुरुषांच्या नावापुढे ‘बर्फ आणि पेपर प्लेट’ लिहून त्यांना सोडून देऊ नये. ज्याने रांधलं त्याने घासायचं नाही. आमच्याकडे गावजेवणात भावकीतले पुरुष चुलाणावर कढया चढवतात, वाढतात, आणि सगळ्यांच्या शेवटी जेवतात. तेच पुरुष घरी पाण्याचा तांब्याही हलवत नाहीत हा भाग वेगळा. मुद्दा इतकाच, की काम चारचौघांत वाटलं की पुरुषांनाही ते करता येतं.

आणि आता ज्याबद्दल ते सल्लागार अवाक्षर काढत नाहीत ते. टेबलावर कोण बसणार हे स्वभावापेक्षा सुट्टीवर ठरतं. थँक्सगिव्हिंग ही केंद्र सरकारची अधिकृत सुट्टी आहे, पण अमेरिकेत खासगी मालकाने कोणत्याही सणाला पगारी सुट्टी द्यावी असं सांगणारा केंद्रीय कायदाच नाही. १९३८च्या कामगार कायद्याने किमान वेतन दिलं, ओव्हरटाइम दिला. सुट्टी दिली नाही. म्हणजे बँकेतला भाचा घरी येतो आणि दुकानातली भाची येत नाही. आली तर त्या दिवसाचा पगार बुडवून. मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि मेन या राज्यांत जुन्या कायद्यांमुळे या दिवशी बहुतेक मोठी दुकानं उघडता येत नाहीत. बाकी देशात मधल्या काही वर्षांत दुसऱ्या दिवशीची, म्हणजे ‘ब्लॅक फ्रायडे’ची, सवलतीची खरेदी गुरुवारच्या संध्याकाळीच सुरू झाली होती. पोटातला घास खाली उतरायच्या आत लोक टीव्ही विकायला आणि घ्यायला रांगेत उभे. २०२० मध्ये कोविडच्या साथीच्या निमित्ताने वॉलमार्ट आणि टार्गेट या मोठ्या दुकानसाखळ्यांनी गुरुवारी दारं बंद ठेवली आणि तेच पुढे चालू ठेवलं. चांगलं केलं. पण मालकाच्या मर्जीने मिळालेली सुट्टी मालकाच्या मर्जीने जाऊही शकते.

दुकानदारांसाठी हा सण वाकवण्याचा प्रयत्न सरकारनेही करून पाहिला आहे. १९३९ मध्ये नोव्हेंबरमध्ये पाच गुरुवार आले. नाताळच्या खरेदीला आठवडा जास्त मिळावा म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने शेवटच्या गुरुवारचं थँक्सगिव्हिंग एक आठवडा अलीकडे ओढलं. निम्म्याच्या आसपास राज्यांनी ऐकलं, बाकीच्यांनी नाही, टेक्सस आणि कोलोरॅडोने दोन्ही दिवस पाळले. राज्याच्या सीमेपलीकडे राहणाऱ्या भावाबहिणींच्या सुट्ट्या जुळेनात. गोंधळ असा झाला की १९४१च्या डिसेंबरात काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून चौथा गुरुवार कायमचा ठरवला. तारीख कायद्याने ठरवता येते, तर त्या तारखेचा पगार का नाही? महाराष्ट्रात २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांत वर्षाला आठ पगारी सणसुट्ट्या सांगितल्या आहेत. अंमलबजावणीबद्दल न बोललेलं बरं, पण हक्क कागदावर आहे, आणि कागदावर असला की त्यासाठी भांडता तरी येतं. रुग्णालयं, अग्निशमन, विमानतळ बंद ठेवता येत नाहीत हे कबूल. तिथे दुप्पट पगार आणि बदली सुट्टी द्यावी. कुटुंब हीच राष्ट्राची ताकद, असं उठता-बसता म्हणणारे दोन्ही पक्षांचे पुढारी एका गुरुवारचा पगार कायद्यात बसवू शकत नाहीत, हे मला कोणत्याही काकांच्या बडबडीपेक्षा जास्त खटकतं.

न जाण्याचा हक्कही आहेच. कॉर्नेल विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ कार्ल पिलेमर यांच्या २०२० मधल्या पाहणीत २७ टक्के प्रौढांनी एखाद्या नातेवाइकाशी संबंध तोडल्याचं सांगितलं. त्यातल्या अनेकांची कारणं गंभीर असणार. ज्या घरात लहानपणी मार खाल्ला, जिथे मुलगा कोणावर प्रेम करतो यावरून त्याला हाकललं, तिथे टर्कीसाठी परत जायला मी कोणालाही सांगणार नाही. पण दुखावलं जाणं वेगळं आणि कंटाळा येणं वेगळं. सल्ल्याच्या स्तंभांनी या दोन्हींना एकाच पिशवीत घातलं आहे. वाह्यात विनोद करणारा, हवामानबदल न मानणारा, तुमच्या पगाराची चौकशी करणारा नातेवाईक त्रासदायक असतो, धोकादायक नसतो. आणि पुष्कळदा तुम्हीही त्याला तितकेच त्रासदायक असता.

मोठी कुटुंबं विरतात ती भांडणांनी क्वचितच. बहुतेकदा आजी जाते, घर विकलं जातं, आणि पुढच्या नोव्हेंबरात एवढ्या माणसांना कुठे बसवायचं याचं उत्तर कोणाकडेच नसतं. मग प्रत्येक शाखा आपापलं वेगळं जेवण करते आणि पाच-सहा वर्षांत चुलतभावांची मुलं एकमेकांना ओळखेनाशी होतात. काही कुटुंबांनी यावर उपाय काढला आहे. ती चर्चचा किंवा माजी सैनिकांच्या संघटनेचा हॉल दिवसभरासाठी भाड्याने घेतात, वर्गणी काढतात, प्रत्येक वर्षी वेगळ्या शाखेकडे व्यवस्था देतात. हॉलला आजीच्या घराचा वास नसतो आणि खुर्च्या लोखंडी असतात. पण ओव्हन दोन असतात, भांडी घासायच्या खोलीत एका वेळी सहा जण मावतात, आणि घर कोणाचंच नसल्यामुळे यजमानीण नावाची एकच बाई राबत नाही. आजी असतानाच हा विषय काढलेला बरा. तिला वाईट वाटेल असं सगळ्यांना वाटतं. मी पाहिलेल्या घरांत तर आजीनेच सुस्कारा टाकून किल्ल्या पुढे केल्या आहेत.